बिनगोळीची चांदमारी

माझ्या मामेसासऱ्यांइतका बंदुकीवर जीव असलेला माणूस सबंध कोल्हापूर जिल्ह्यात झाला नाही, आणि गोळी सुटू नये म्हणून त्यांच्याइतका आटापिटा केलेला माणूसही दुसरा झाला नसेल. हे मी जावई म्हणून बोलत नाही. जावयाला मामेसासऱ्यांकडून मिळून मिळून काय मिळतं, तर लग्नात टॉवेल-टोपी आणि दिवाळीला फराळाचा डबा. मला मात्र त्यांच्या हाताखाली नऊ-दहा वर्षांची उमेदवारी मिळाली, आणि तीही अशा विद्येतली, जिचं नाव काय हे त्या वेळी आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ते पायदळात हवालदार होते. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांनी नव्या पोरांना नेमबाजी शिकवण्यात घालवली, म्हणून पलटणीत त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत. कानाशेजारी हजारो बार उडून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशा समजुतीनं ते बोलत. कसबा बावड्यात त्यांचं कौलारू घर, एक म्हैस, थोडा ऊस आणि मळ्याच्या कडेला वडिलांच्या वेळचं गुऱ्हाळघर होतं. ऊस सगळा कारखान्याला जायला लागल्यापासून ते गुऱ्हाळघर रिकामं पडलं होतं. मामा शहरातल्या एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायची नोकरी करत, आणि मामी म्हैस, ऊस आणि मामा अशा तिघांना सांभाळत.

उजव्या हाताची तर्जनी मामांनी लग्नानंतर एकदाही वाकवलेली नाही, असं मामी शपथेवर सांगायच्या. कप धरताना, भाकरी मोडताना, सदऱ्याची गुंडी लावताना ते बोट आपलं सरळ, पुढं रोखलेलं. फोनची तबकडीसुद्धा ते मधल्या बोटानं फिरवत. “चापावर बोट कवा जायचं? मारायचं ठरल्यावर. तवर बोट भाईर,” हा त्यांचा पहिला धडा होता आणि तो ते चापाशी काहीही संबंध नसलेल्या माणसांनाही देत. दुसरा धडा चाप दाबण्याचा. चाप ओढायचा नसतो, लिंबू पिळल्यासारखा सावकाश दाबत न्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. “शेवटचा थेंब कवा पडला ते लिंबालाबी कळू ने.” या तत्त्वानं त्यांच्या घरी पाहुण्याला सरबत मिळायला पाऊण तास लागे. आमची म्हैस दोन मापं जास्त देते ती याच पद्धतीनं धार काढल्यामुळं, असा त्यांचा दावा होता. त्यांच्याच सांगण्यावरून मी एकदा माझ्या स्कूटरचा ब्रेक लिंबू पिळल्यासारखा दाबत नेला आणि भाऊसिंगजी रस्त्यावर मेथीच्या ढिगात जाऊन थांबलो. मामा मागं बसले होते. ते शांतपणे उतरले, मेथीची पेंढी उचलून मालकिणीच्या हातात दिली आणि मला म्हणाले, “पद्धत बरुबर हुती. सुरुवात उशिरा केलासा.”

अंतर मोजायचाही त्यांना नाद होता. पंगतीला बसले की वाढप्याकडं बघून “जिलबी अकरा पावलं, मठ्ठा इस” असं पुटपुटत. आमच्या लग्नाची बोलणी चालली होती, मंडळी मानपानावर अडली होती, तेव्हा एका कोपऱ्यातून हे मोठ्यानं म्हणाले, “पावणं, तुमच्या घरापासनं आमच्या पोरीच्या म्हायारापत्तुर पावलं किती?” मी अंदाजानं चार हजार म्हणालो. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि सांगितलं, “पाच हाजार दोनशे. पर गडी घाबरला न्हाय. द्या पोरगी.”

त्याच बैठकीनंतर त्यांनी मला धंदा विचारला. मी म्हणालो, “शूटिंग.” हे ऐकून ते उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. गंगावेशीत माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते नेमबाज आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“स्टँडवर ठिवून करतासा का हातात धरून?” त्यांनी विचारलं.

“गर्दी असली की हातातच धरावं लागतं.”

“गर्दीत?” ते माझ्याकडं रोखून बघायला लागले. “आनि लोकं?”

“लोकांना आवडतं. पुढं पुढं येतात. नवरा-नवरीवर तर जास्तीत जास्त करायला सांगतात.”

मामांनी माझा हात सोडला. पुढं कोणीतरी खुलासा केला तेव्हा सगळे हसले, पण मामा हसले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि एका लग्नाची कॅसेट तासभर बघत बसले. वरमाई पडद्यावर इकडून तिकडं धावत होती. “म्हंजे मानूस आपल्या घरात झोपलेला असतोय,” ते अखेर म्हणाले, “आनि हितं तो पळतोय. त्येला गोळी मारली तर लागत न्हाय.” मी म्हटलं, लागत नाही, पण टीव्ही फुटेल. “टीव्ही नगो,” असं म्हणून ते निघून गेले. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला तो मुरगूडला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामा एसटीनं मुरगूडकडं जात, हे मला माहीत होतं. एकदा एसटीचा संप होता म्हणून मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. मुरगूडच्या पुढच्या एका वाडीत त्यांचा पलटणीतला चेला राहत होता. हातानं चांगला तयार, नेमबाजीत मामांनी सगळ्यात जास्त गुण दिलेला गडी. फौजेतून सुटल्यावर तोही एका पतसंस्थेच्या दारात बंदूक घेऊन बसायला लागला होता. एका दुपारी संस्थेसमोरून लग्नाची वरात चालली होती. फटाक्यांची माळ लागली, लोक पांगले, आणि त्या धुरातून एक माणूस काखेत लांब काहीतरी धरून पळत आत घुसला. चेल्यानं क्षणात बंदूक उचलली आणि गोळी मारली. नेम चुकला नाही. आत आलेले एक निवृत्त शाळामास्तर होते आणि काखेत त्यांची छत्री होती. गोळी मांडीत गेली. मास्तर वाचले, पाय मात्र अधू झाला. कोर्टात मास्तरांनीच सांगितलं की माणूस वाईट नाही, घाबरला होता. चेला सुटला. पण तेव्हापासून तो घराच्या सोप्यात बसून होता. शेतात जात नव्हता, कोणाच्या लग्नाला जात नव्हता.

मामा त्याच्यासमोर बसले. पेढ्यांचा पुडा मध्ये ठेवला. दोघं अर्धा तास काही बोलले नाहीत. दर महिन्याला असंच असे म्हणे. निघताना त्या दिवशी चेला पहिल्यांदा बोलला. खाली बघत म्हणाला, “उस्ताद, मारायचं तुमी शिकिवलं. थांबायचं कुनी शिकिवलंच न्हाय.”

परत येताना मामांनी मला मध्येच स्कूटर थांबवायला सांगितली. ते रस्त्याकडेला चिंचेखाली बराच वेळ उभे राहिले. “बारा वर्सं मी पत्र्याच्या मानसावर शिकिवलं,” ते म्हणाले. “पत्र्याचा मानूस एका जाग्याला हुबा. पळत न्हाय, हात वर करत न्हाय, छत्री आनत न्हाय. मी निस्ता नेम शिकिवला, पावणं.” त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते गुऱ्हाळघर झाडायला लागले.

फौजेत असताना त्यांनी एका केंद्रात एक यंत्र बघितलं होतं. बघितलं म्हणजे उंबऱ्यातून, कारण आत साहेब लोक होते. पडद्यावर चित्र हलत होतं आणि शिपाई काडतुसाविना त्यावर नेम धरत होता. तेवढ्या उंबऱ्यातल्या दर्शनावर मामांनी आपलं यंत्र उभं करायला घेतलं. गुऱ्हाळघराची आतली भिंत चुन्यानं पांढरी केली. कौलांच्या फटीत पोती कोंबून भर दुपारी अंधार केला. बंद पडलेल्या एका व्हिडिओ सेंटरचा जुना प्रोजेक्टर मी मिळवला. त्याला लाल, हिरवी, निळी अशी तीन भिंगं होती आणि ती काही केल्या एका जागी येत नसत, त्यामुळं भिंतीवर एकाच्या जागी तीन चोर पळायचे. शिकाऊ गडी, म्हणजे मामांच्या ओळखीनं रविवारी येणारा एखाद्या बँकेचा बंदूकधारी शिपाई, विचारायचा, कोणाकडं बघू. “मधल्याकडं,” मामा सांगायचे.

त्याच सुमाराला बाजारात किल्लीच्या जुडग्याला लावायचे लाल उजेडाचे लेसर आले होते. टवाळ पोरं थिएटरात नटीच्या कपाळावर त्याची टिकली लावत आणि मार खात. मामांनी तसला एक लेसर पाहिला आणि त्यांना बंदूक सापडली. सुताराकडून बाभळीची बंदूक करून घेतली, दस्त्यात शिसं ओतून ती खऱ्या बंदुकीच्या वजनाची केली, नळीत लेसर बसवला आणि टेपरेकॉर्डरचं एक बटण मी चापाखाली जोडून दिलं. चाप दाबला की भिंतीवर क्षणभर लाल ठिपका पडे. तो ठिपका कुठं पडला हे पुन्हा बघता यावं म्हणून मी मागून दुसऱ्या कॅमेऱ्यानं सगळ्याचं शूटिंग करत असे. पण मामांच्या लेखी ही सगळी किरकोळ गोष्ट होती. नेम लागला का यात त्यांना रस नव्हता. नेम धरायची वेळ होती का, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यासाठी त्यांनी माझ्या बायकोला, म्हणजे आपल्या भाचीला, कामाला लावलं. भिंतीमागच्या खोलीवजा कोपऱ्यात दोन व्हीसीआर मांडले. पहिल्यावर माणूस बँकेत शिरतो एवढंच चित्र. शिकाऊ गड्यानं खणखणीत आवाजात “थांब” म्हटलं, तर माझी बायको बटण फिरवी आणि दुसऱ्या व्हीसीआरवरचा तोच माणूस हात वर करी. गडी गप्प राहिला किंवा पुटपुटला, तर पहिलं चित्र पुढं जाई आणि तो माणूस अंगावर येई. अंगावर आला की मामा आडोशाला टांगलेल्या पोत्यामागून रबरी चेंडू नेमका शिकाऊच्या छातीवर मारत. “गोळी दोनी बाजूनं येती,” हे त्यांचं स्पष्टीकरण. आवाज कुणाचा खणखणीत आणि कुणाचा नाही हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे बायकोकडं होता. आमच्या घरात ती पद्धत आधीपासूनच होती, त्यामुळं तिला काही जड गेलं नाही.

भिंतीसमोर मामांनी खरं लाकडी काउंटर, खरी खुर्ची, खरा जाळीचा दरवाजा आणून ठेवला. काउंटर अर्धा लाकडाचा होता आणि उरलेला अर्धा भिंतीवरच्या चित्रात. कुठं गुऱ्हाळघर संपतं आणि बँक सुरू होते हे पहिल्या पाच मिनिटांनंतर कळेनासं होई. फटाक्याच्या वासाची सवय हवी म्हणून पत्र्याच्या डब्यात लवंगी फटाके लावत. डोळ्यांत पाणी असताना बघता आलं पाहिजे म्हणून एकदा मामींना चुलीवर सुक्या मिरच्या भाजायला बसवलं, तेव्हा शिकाऊ, मी, बायको, मामा आणि दावणीची म्हैस असे सगळे मळ्याच्या दोन टोकांना पळालो.

चित्रांसाठी चोर लागत होते. कोल्हापुरात एके काळी सिनेमे होत, त्यामुळं खलनायकाच्या मागं उभं राहून म्हातारे झालेले कलाकार गल्लोगल्ली होते. त्यातला एक मामांना सापडला. त्यानं उभा जन्म पडद्यावर मरण्यात घालवला होता आणि मरायचं काम तो मन लावून करी. मामांना पाहिजे होता हात वर करणारा चोर. हा गृहस्थ “थांब” म्हटलं की छाती धरून तीन गिरक्या घेई आणि खाली कोसळून पायाची शेवटची थरथर दाखवी.

“तुमाला कुनी मारलेलंच न्हाय,” मामांनी समजावलं. “तुमी निस्तं हात वर करायचं.”

“निस्तं हात वर केल्यावर प्रेक्षकाला काय मिळतंय?” त्यानं विचारलं.

“प्रेक्षकाला त्येचा मानूस घरला जिता मिळतोय,” मामा म्हणाले. म्हाताऱ्यानं जरा विचार केला आणि त्या दिवसापासून तो इतके सुंदर हात वर करायला लागला की आम्हाला त्याला मिठी मारावीशी वाटे.

सगळ्यात अवघड चित्र मात्र मामींचं होतं. मामी काउंटरशी येतात, चिडून काहीतरी बोलतात आणि झटकन कमरेच्या पिशवीतून काळा चष्म्याचा डबा काढतात. बस्स. पहिल्या वर्षात आलेल्या बँकांच्या शिपायांपैकी, आणि ते सगळे माजी सैनिक, जवळजवळ प्रत्येकानं मामींना गोळी घातली. दर रविवारी दुपारी मामी स्वयंपाकघरात बसलेल्या असत आणि गुऱ्हाळघरातून मामांचा आवाज येई, “गेली. आजबी गेली.” सुट्टीत चहा मागायला आलेल्या शिपायांना त्या म्हणायच्या, “आदी माझं तेरावं घाला, मग च्या मागा.” शिपाई ओशाळून हसत. पण मामा त्यांना एकेकाला मामींसमोर उभं करत, नीट चेहऱ्याकडं बघायला लावत आणि म्हणत, “आता परत आत चला.” दुसऱ्या खेपेला बहुतेकांची बोटं बाहेर राहत.

दोन वर्षं मामा मुरगूडला जाताना पेढ्यांबरोबर एक आमंत्रणही घेऊन जात होते. चेला मानेनं नकार देई. तिसऱ्या वर्षी एका रविवारी तो आपण होऊन बावड्याच्या स्टॉपवर उतरला. मामांनी त्याच्यासाठी एक चित्र आधीच करून ठेवलं होतं आणि ते कोणाला दाखवलं नव्हतं. वरात, फटाके, धूर, आणि धुरातून काखेत छत्री धरून पळत येणारा माणूस. तो माणूस कुणी करावा यावरून बराच खल झाला होता. म्हातारा कलाकार तयार होता. मामांनी ऐकलं नाही. स्वतःच पांढरा सदरा घालून ते छत्रीसकट पाच वेळा पळाले होते आणि मी ते टिपलं होतं.

चेल्यानं बाभळीची बंदूक उचलली आणि काउंटरमागं जागा घेतली. मामा चेंडू घेऊन पोत्यामागं जाऊन उभे राहिले. बायकोनं कॅसेट सुरू केली. डब्यात लवंगी वाजली. भिंतीवर धूर आला आणि धुरातून मामा छत्री घेऊन पळत आले.

“थांब,” चेला ओरडला. आवाज फाटला, पण खणखणीत होता.

बायकोनं पहिला व्हीसीआर थोपवला आणि दुसऱ्याचं बटण दाबलं. दुसऱ्या व्हीसीआरनं करकर आवाज करून कॅसेटची फीत गिळली. भिंतीवर थोपवलेलं चित्र तसंच राहिलं. लाल-हिरवे-निळे मामा, अर्ध्या पावलावर, छत्रीचं टोक सरळ आमच्याकडं. हात वर होत नव्हते.

“थांब,” चेला पुन्हा म्हणाला. “हात वर. हात वर कर.” चित्र नुसतं थरथरत होतं. बायकोनं कोपऱ्यातून डोकावून माझ्याकडं पाहिलं. मला दिवा लावावा की न लावावा हे कळेना. दिवा लावला असता तर चेल्यानं स्वतःबद्दल कायमचं काय ठरवलं असतं कोण जाणे. चेला बंदूक रोखून उभा होता, पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द म्हणत होता, आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून मला दिसत होतं, की त्याचं बोट लाकडाच्या कडेला सरळ होतं. चापाला शिवलेलं नव्हतं.

मग पोत्यामागून मामा बाहेर आले. त्यांनी चेंडू खिशात टाकला आणि ते सरळ प्रोजेक्टरच्या उजेडात, भिंतीपुढं, आपल्याच चित्रावर जाऊन उभे राहिले. छत्रीचं रंगीत टोक त्यांच्या सदऱ्यावर पडलं. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले.

“थांबलो,” ते हळू म्हणाले. “बग की. थांबलोय मी.”

चेल्यानं बंदूक खाली केली. मग तो तिथंच जमिनीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. मामा हात खाली करायचं विसरून उजेडात तसेच उभे होते. दारात मामी होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “च्या टाकू का?” उत्तराची वाट न बघता त्या जाऊन टाकून आल्या.

त्यानंतर चेला दर रविवारी यायला लागला. शिकायला आलेल्यांना मामा नेम सांगत आणि चेला थांबायचं सांगे. तो फार बोलत नसे, पण आपली गोष्ट स्वतः सांगे, छत्रीसकट, आणि ती ऐकून निघालेला गडी सहसा मामींना मारत नसे. पुढं एका शिपायानं येऊन सांगितलं, की बँकेत एक दारुडा लोखंडी पहार घेऊन शिरला होता, लोक ओरडत होते, “मारा मारा” म्हणत होते. यानं काउंटरमागून फक्त “थांब” म्हटलं आणि दारुडा खाली बसून झोपी गेला. मामांनी त्या दिवशी बावडाभर पेढे वाटले. पेढे कशाचे म्हणून लोकांनी विचारलं. “गोळी सुटली न्हाय, त्येचं,” मामा सांगत होते. बऱ्याच जणांना मामांची बंदूक नादुरुस्त झाली असावी असं वाटलं.

नव्या शतकाची पाच-सहा वर्षं गेली. बाभळीच्या बंदुकीला कीड लागली, व्हीसीआरच्या फिती मिळेनात, म्हातारा कलाकार एका सकाळी कुठलीही गिरकी न घेता झोपेतच गेला. गुऱ्हाळघराच्या चारी बाजूंनी घरं उठली आणि नव्या शेजाऱ्यांना रविवारच्या लवंगी फटाक्यांचं कौतुक नव्हतं. मामांनी एके दिवशी पोती काढून कौलांतून ऊन आत येऊ दिलं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. पण रविवारी दुपारी ते अंगणात नुसते बसलेले दिसले की मामी मला दुकानात फोन करायच्या, “या की जरा.”

अशाच एका रविवारी चेल्यानं बातमी आणली. एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात ‘सिम्युलेटर’ म्हणून परदेशी यंत्र आलं होतं. भिंतभर पडदा, संगणक, खऱ्यासारखी बंदूक, माणसं जशी वागाल तशी वागणारी. ओळखीनं बघायला मिळणार होतं. मामांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. त्यांनी पलटणीचा बिल्ला कोटाला लावला आणि आम्ही तिघं गेलो. तो त्यांचा शेवटचा लांबचा प्रवास. पुढच्या वर्षी ते गेले.

या वेळी ते उंबऱ्यात उभे राहिले नाहीत. तिथला तरुण अधिकारी फार अदबीचा होता. त्यानं मामांना हात धरून आत नेलं, खुर्ची दिली, सगळं दाखवलं. पडद्यावर एकच माणूस दिसत होता, तीन नाही. मामा बारकाईनं बघत होते, मधूनमधून “व्हय, व्हय” म्हणत होते. एक शिपाई बोलला तसा पडद्यावरचा माणूस थांबला, तेव्हा त्यांनी चेल्याच्या मांडीवर थाप मारली. शेवटी अधिकाऱ्यानं बंदूक त्यांच्या हातात दिली. “बाबा, तुमच्यासाठी कुठला प्रसंग लावू?”

मामांनी विचार केला. “ह्यात कुनीच न येनारं एखादं न्हाय का?”

“कुणीच नाही म्हणजे?”

“आमी येवडी वर्सं दारात बसलो. कुनी आलं न्हाय,” मामा म्हणाले. “रोज येतील म्हनून बसायचं आनि रोज कुनी न्हाय. त्येचीबी सवय लागती, साहेब. ती कुनी शिकवत न्हाय.”

अधिकारी हसला नाही. म्हणाला, असं वेगळं नाही, पण एक बाजारातला प्रसंग आहे, त्यात हल्ला मी बटण दाबल्यावर होतो. मी दाबणार नाही. त्यानं दिवे मालवले.

पडद्यावर कुठल्यातरी परक्या गावातली सकाळ आली. दगडी रस्ता, दुकानाचं उघडणारं शटर, पायरीवर बसलेला एक म्हातारा, सायकलवरून जाणारा कोणी. मामा बंदुकीची नळी जमिनीकडं करून उभे होते. एक बाई लहान मुलाचं बोट धरून आली, दुकानापुढं थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागं उभे असलेले शिपाई चुळबुळ करायला लागले. मी पुढं होऊन मामांना बसा म्हणणार होतो, तेवढ्यात चेल्यानं माझा दंड धरला.

त्या बाईनं दुकानातून पाव घेतला, तुकडा मोडून मुलाच्या हातात दिला आणि दोघं पडद्याच्या डाव्या कडेनं दिसेनासे झाले. मामा ती दोघं गेली त्या बाजूला थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी बंदूक जपून टेबलावर ठेवली आणि अंधारात वळून अधिकाऱ्याला म्हणाले, “पोचली घरला. आता बंद करा.”